बुधवारी रात्री मोठ्याचं



या अंकाचं संपादकीय मोठ्याच्या मटणावर आहे. त्यातही कामाच्या दिवशी, सोमवार ते शनिवारमधल्या एखाद्या मरगळलेल्या रात्री, घरातली सगळी माणसं आपापल्या पाळ्या करून परतल्यावर ते गरम कसं मिळावं, यावर आहे. ज्यांना हा विषय संपादकीयाच्या लायकीचा वाटत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं आणि कवितांकडे जावं. तिथे भूक आहेच. भुकेवर आपल्याकडे कविता ढिगाने झाल्या. जेवणावर मात्र कोणी लिहीत नाही, कारण भूक पुरुषाला लागते आणि जेवण बाई करते.

मोठ्याच्या मटणावर आपण भाषणं पुष्कळ ठोकली. एप्रिल २०१२ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोरांनी बीफ फेस्टिव्हल केला, मार खाल्ला, दगड झेलले. त्यांना माझा सलाम. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली तेव्हा आपणही रस्त्यावर उतरलो. 'आमचं ताट आमचा हक्क' असे फलक रंगवले. मी स्वतः रंगवले, त्यामुळे टिंगल करत नाही. पण फेस्टिव्हल वर्षातून एकदा असतो आणि मोर्चा चार तासांत संपतो. मोर्च्याहून घरी आल्यावर बुधवारी रात्री ताटात काय पडतं? अंडा भुर्जी, नाक्यावरचं चायनीज, नाहीतर सकाळची गार डाळ. हक्क फलकावर आणि ताटात मॅगी, अशी आपली गत. का? पैसे नाहीत म्हणून? मोठ्याचं अजूनही बकऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मग काय नाही?

टाइम नाही, भाऊ. टाइम.

आता हा टाइम कोणी खाल्ला ते बघू.

पहिला घास कायद्याने घेतला. १९७६चा महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम काढून वाचा, सरकारी मराठीत आहे, दात विचकत वाचावा लागतो. गाय कापायला त्याने सरसकट बंदी केली. बाकीच्या जनावरांना दाखला लावला. दाखला कुठल्या जनावराला मिळतो? जे कामाला उपयोगी राहिलं नाही, दूध देणार नाही, विणार नाही, त्याला. म्हणजे जोवर जनावर धडधाकट आहे तोवर ते मालकाचं. त्याचं दूध डेअरीचं, त्याचं शेण शेताचं. सगळे सड आटले, हाडं वर आली, की मग ते आपल्या ताटात येणार. १९९५ साली विधिमंडळाने यात सुधारणा केली, ती वीस वर्षं दिल्लीत सहीची वाट बघत पडून राहिली, आणि २०१५ला सही होऊन अंगावर आली. बैल आणि वळू गेले. कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. उरली म्हैस आणि रेडा. म्हशीला दाखल्याची अट तशीच राहिली.

म्हशीचं मांस मुळातच जाड रेघेचं, काळपट, चरबी कमी. त्यात ते म्हाताऱ्या म्हशीचं. म्हाताऱ्या जनावराच्या मांसात रेषांना धरून ठेवणारे पांढरे पापुद्रे असतात, ते वयाबरोबर एकमेकांत घट्ट विणले जातात. कोवळ्या जनावराचं मांस तासाभरात सुटतं. जून म्हशीची पोटरी पातेल्यात टाकली तर तीन तास झाले तरी दातांशी भांडत राहते. म्हणजे सरकारने काय केलं ते समजून घ्या. मांस खायला सरसकट बंदी घालायची हिंमत नव्हती, म्हणून सगळ्यात जून जनावर तेवढं आपल्यासाठी सोडलं. आपल्या मांसाला शिजायला किती वेळ लागणार हे कलम लिहून ठरवलेलं आहे.

दुसरा घास पाळीने घेतला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते तेव्हा त्यांनी १९४६च्या आरंभी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्याने बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सहा तास. हे सहा तास कामगाराच्या घरी गेले, त्याच्या पोरांत, त्याच्या झोपेत, त्याच्या चुलीपाशी गेले. आता उलटी गंगा बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकानं-आस्थापनांत नऊवरून दहावर न्यायला मंजुरी दिली. म्हणे आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, कामगाराची लेखी संमती घेऊ. कंत्राटी झाडूवालीची संमती कशी घेतात ते आपल्याला माहीत आहे. अंगठा कुठे करायचा ते दाखवतात. आणि ज्यांना कुठल्याच कायद्याचे तास नाहीत, ती आपली डिलिव्हरीवाली पोरं, ती मोबाइलवर 'ऑनलाइन' असेपर्यंत कामावर असतात. वर लोकलमधला जायचा-यायचा वेळ धरा. बदलापूर-कसाऱ्याहून येणाऱ्याला विचारा.

एका हाताने मांस जून करायचं, दुसऱ्या हाताने दिवस लांबवायचा. दोन्ही एकाच ताटावर पडतात.

आणि तिसरा घास? तो आपण स्वतः खातो, दोस्तहो. तो आईचा असतो.

आपल्या घरी आजवर मोठ्याचं शिजलं ते कोणाच्या वेळेवर? गावात चुलीवर संध्याकाळी मडकं चढायचं, लाकडं मागे ओढून निखाऱ्यावर रात्रभर रटरटत राहायचं. बाई मध्ये उठून राख सारायची, पाणी बघायची, पुन्हा आडवी व्हायची. जास्तीचं असलं तर लांबलांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायची, त्याच्या चान्या व्हायच्या आणि पावसाळ्यात त्या निघायच्या. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातलं हे मांसाचं जग लिहून ठेवलं. शाहू पाटोळ्यांनी २०१५ला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महारा-मांगांच्या चुलीवर काय काय शिजायचं ते कागदावर आणलं. त्याआधी २००९ला पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानेही दलितांच्या खाण्याच्या आठवणींवर पुस्तिका काढली होती. मराठी पाककृतींची पुस्तकं शंभर वर्षं छापली जात आहेत, त्यांत पुरणाच्या कटाला चार चार पानं आहेत, पण रगती, वजडी, चान्या हे शब्द शोधून दाखवा. प्रस्थापितांच्या सारस्वताला आमचं दुःख चालतं. आमचं कालवण चालत नाही.

असो. शहरात आलो, चूल गेली, कुकर आला. भारतात प्रेशर कुकरचे कारखाने १९५९च्या सुमारास उभे राहिले आणि हळूहळू ते भांडं चाळीत पोचलं. कुकर ही मोठी चीज आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. बंद झाकणाखाली वाफ दाबली की पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांपर्यंत तापतं आणि पोटरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत मऊ होते. पण कुकर सोडून कुठे जाता येत नाही. शिट्या मोजायला माणूस लागतं. ते माणूस बाई. ती सातला कामावरून येते, साडेसातला कांदा कापते, नऊपर्यंत कुकरपाशी उभी असते, तेव्हा आपण 'जातिअंताची दिशा' या विषयावर मोबाइलवर मेसेज टाइप करत असतो. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत निघालं की दिवसाकाठी शंभरातल्या एक्याऐंशी बाया बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष फक्त सव्वीस. करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. ही सगळ्या देशाची, सगळ्या जातींची गोळाबेरीज आहे. आपल्या वस्तीची वेगळी काढली तर आपण फार चांगले निघू, असा माझा काही समज नाही. ब्राह्मणवाद मुर्दाबाद म्हणणाऱ्या पोराला अजून आपली थाळी आपण घासायची असते हे कळलेलं नाही.

म्हणून मी एका भांड्याबद्दल लिहितोय. त्याला स्लो कुकर म्हणतात. आत भाजलेल्या मातीचं जाड भांडं, बाहेर विजेचं आवरण, वर झाकण. शिटी नाही, दाब नाही. सकाळी भरा, बटण दाबा, कामावर जा. संध्याकाळी मांस हाडावरून गळून पडलेलं असतं. नव्वद अंशांच्या आसपास आठ-दहा तास राहिलं की ते पांढरे चिवट पापुद्रे विरघळून रस्सा बोटाला चिकटेल असा दाट होतो. म्हणजे जी जून पोटरी बाकीचे नाकारतात, तिचाच रस्सा सगळ्यात भारी. कोवळ्या लुसलुशीत मांसाला हे जमत नाही, ते या भांड्यात भुसा होतं. विजेचं म्हणाल तर दोनशे वॉटचं भांडं आठ तास चाललं तर १.६ युनिट.

हे भांडं अमेरिकेचं. पण त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू माणसाने ते तयार केलं, १९४०ला त्याला पेटंट मिळालं. त्याच्या घरी सांगायचे की आईच्या माहेरी, लिथुआनियात, शुक्रवारी संध्याकाळी मांस, शेंगांचे दाणे, बटाटे भरलेलं मडकं बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही असा धर्माचा दंडक. मग बेकरीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर ते शिजायचं. त्याला चोलंट म्हणतात. युरोपने ज्यांना शेकडो वर्षं गावकुसाबाहेर, घेट्टोत कोंडलं त्यांची ही हांडी. १९७१ला एका कंपनीने तीच क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणली आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांना विकली. लाखोंनी खपली. आपल्याकडेही भेंडीबाजारात रात्रभर मंद आचेवर ठेवलेली निहारी पहाटे खायला मिळते. म्हणजे जून मांस आणि मंद आच ही सगळ्या जगातल्या दबलेल्या माणसांची सामाईक विद्या आहे. फरक एवढाच की तिकडे त्या विद्येचं यंत्र झालं आणि पेटंट झालं, आपल्याकडे ती विटाळ ठरली.

अमेरिकेतल्या त्या भांड्यावर माझा एक राग आहे, तोही सांगतो. त्याने बाईला सांगितलं, तू कामावर जा, स्वयंपाक मी बघतो. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. सकाळी सहाला उठून भांडं भरायचं ते तिनेच. यंत्र आलं, मालक तोच राहिला. आपल्याला हे भांडं हवं असेल तर ते भरायचा हात बदलला पाहिजे. पुढची रीत मी म्हणूनच पोरांसाठी लिहितोय. पोरींनो, तुम्ही वाचा आणि चुका काढा.

आदल्या रात्री कसायाकडे जा. पोटरीचं मांस माग, तो त्याला बोंग म्हणेल. हाडासकट एक किलो, वर दोन नळ्या फोडून. मुठीएवढे मोठे तुकडे ठेवायला सांग, खिम्यासारखं बारीक करू देऊ नको. पावती माग. हसू नको, पावती खिशात असू दे, का ते खाली येईल. घरी आल्यावर मांस फ्रिजमध्ये आणि तू कांद्याकडे. चार कांदे, लसणाचा आख्खा गड्डा, आल्याचं बोट. हे रात्रीच वाटून-कापून वेगळ्या डब्यात ठेव. सकाळी मांस पातेल्यात तेल, हळद, मीठ, कांदा-लसूण, लाल तिखट घालून गॅसवर पंधरा मिनिटं परत, दोन पेले पाणी घालून चांगली उकळी आण. ही उकळी चुकवायची नाही. फ्रिजमधलं गारढोण मांस सरळ त्या भांड्यात टाकलं तर ते तापायला फार वेळ घेतं आणि मधल्या कोमट वेळात खराब होऊ शकतं. गोठलेलं तर नाहीच नाही.

स्लो कुकरच्या तळाला बटाट्याच्या जाड फोडी लाव. तळाला, कारण या भांड्यात बटाटा मांसाहून उशिरा शिजतो, कोणाचा विश्वास बसत नाही पण तसंच आहे. वर उकळतं मांस रश्शासकट ओत. मांस जेमतेम बुडेल एवढंच पाणी, कारण झाकणाखालून काही उडून जात नाही. नवशिके पोरं हमखास पाणी फार घालतात आणि मग रश्शाची नदी होते. भांडं दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नको. बटण 'लो'वर. झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली धग भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. हरभरे घालायचे असतील तर रात्रभर भिजवलेले घाल. राजमा मात्र आधी वेगळ्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय कधीही नाही, कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं आणि या मंद आचेवर ते मरत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी. आंबट आधी पडलं की हरभरा दगड राहतो. संध्याकाळी पहिला जो घरी येईल, मग तो बाप असो नाहीतर धाकटा भाऊ, त्याने दोन चमचे येसूर पाण्यात कालवून घालायचा, 'हाय'वर वीस मिनिटं ठेवायचं आणि भाकरी टाकायला घ्यायची. भाकरी येत नसेल तर पाव आण. दुसऱ्या दिवसासाठी उरलं तर ते रात्रीच फ्रिजमध्ये. गुरुवारी ते आणखी चवदार लागतं.

दिवसा लाइट गेली आणि किती वेळ गेली हे सांगायला घरी कोणी नसेल, तर जीव कितीही तुटला तरी ते मांस फेकायचं. गरिबाच्या घरात फेकायचं म्हणजे काय ते मला कळतं, तरी सांगतो.

भांडं घ्यायला पैसे नसले तर? ज्याची दुपारपाळी आहे त्याने सकाळी आठला जाड बुडाचं पातेलं गच्च भरून वीस मिनिटं खळखळून उकळावं, झाकण घट्ट लावावं, जुन्या चादरीत आणि मग दोन गोधड्यांत गुंडाळून कोपऱ्यात ठेवावं. चार तासांनी उघडलं तर आत चटका बसेल इतकं गरम असतं. मग पुन्हा उकळी. गार झालेलं तसंच ठेवायचं नाही. हे बारा तासांच्या पाळीला जमणारं नाही, त्याला कुकरच बरा. किंवा चाळीत चार घरांनी मिळून एक भांडं घ्या. गणपतीची वर्गणी काढता येते, भांड्याची येत नाही?

आता वासाचं बोलू. इथे खरी गोम आहे.

आमच्या एका दोस्ताला उपनगरात भाड्याने घर मिळालं. आडनाव ऐकून आधी तीन जागी 'घर दिलं गेलं' असं सांगण्यात आलं होतं, चौथ्या जागी मिळालं. नवरा-बायको दोघं नोकरीला. त्याने स्लो कुकर घेतला, सकाळी सातला लावला. कुकरमध्ये मांस शिजतं तेव्हा वास अर्धा-पाऊण तास सुटतो, खिडकी लावून घेता येते, वर उदबत्ती लावता येते, आपल्या बायकांना ती सगळी युक्ती पाठ आहे. या भांड्याचा वास आठ तास दरवाज्याखालून जिन्यात जात राहतो, आणि घरी कोणी नसतं. संध्याकाळी सातला दोघं परतले तेव्हा दारावर चिठ्ठी होती. सोसायटीच्या 'संस्कृती'बद्दल. त्यांच्या मते म्हशीचं मांस शिजवणं बेकायदा होतं. ते बेकायदा नाही, हे सेक्रेटरीला त्याने कायदा छापून नेऊन दाखवलं. सेक्रेटरी म्हणाला, कायद्याचं सोडा हो, वास येतो. अकरा महिने संपले तेव्हा करार पुढे झाला नाही. आता तो चाळीतल्या बहिणीकडे मांस शिजवतो आणि डब्यात घालून लोकलने घरी नेतो.

आणि तो डबा लोकलमधून जातो तेव्हा खिशात पावती असते. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, इगतपुरीजवळ, जळगावच्या ७२ वर्षांच्या एका मुसलमान माणसाला बरणीत गोमांस आहे या संशयावरून पोरांच्या टोळक्याने मारलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. म्हातारा कल्याणला लेकीकडे चालला होता. ६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, आरोपीनेच स्वतःला निर्दोष सिद्ध करावं हे कलमही रद्द केलं, बंदी मात्र कायम ठेवली. डब्यातल्या टोळक्याने हा निकाल वाचलेला नसतो. २०१५ला दादरीत अखलाकच्या फ्रिजपर्यंत गेले, २०१६ला ऊनात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांची पाठ फोडली. आपण आणि मुसलमान, आपलं पातेलं एक आहे. हे निवडणुकीपुरतं आठवून भागणार नाही.

शेवटी एक प्रश्न, जो आपल्याच घरातून येतो आणि ज्याला उत्तर न देता मी हे पान संपवलं तर ती पळवाट होईल. आपल्यातली जुनी माणसं म्हणतात, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते तुम्ही पोरं पुन्हा का उकरता? त्यांचा मान ठेवून सांगतो. मार्च १९२७ला महाडच्या परिषदेत जे सोडायचं ठरलं ते मेलेल्या जनावराचं मांस. गावाने फेकलेलं, ओढायला लावलेलं, उपकार म्हणून टाकलेलं. ते सोडणं हा बंडाचा भाग होता. १९४८ला 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनीच मांडलं की ब्राह्मण एके काळी गोमांस खात होते, बौद्धांशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते टाकलं, आणि मेलेल्या गाईचं मांस खात राहिलेल्या पांगलेल्या माणसांवर अस्पृश्यता लादली गेली. म्हणजे ताटावरून माणसाची पायरी कशी ठरवली गेली ते त्यांनी उघडं केलं. आज पोरगा आपल्या घामाच्या पैशाने, दुकानात, पावती घेऊन मांस विकत घेतो. याला मृतमांस म्हणणं म्हणजे महाड न कळणं. धम्म घेतल्यावर ज्यांनी मांस सोडलं त्यांचा निर्णय त्यांचा, त्यांच्या ताटात कोणी डोकावायचं नाही. आमच्या ताटातही.

पुढच्या अंकात चार पानं रिकामी ठेवली आहेत. घरी आईला, आजीला, कसायाला विचारा: जनावराच्या कुठल्या भागाला तुमच्याकडे काय म्हणतात, तो किती वेळ शिजतो, त्यात काय पडतं. औरंगाबादकडचे शब्द वेगळे, कोकणातले वेगळे, विदर्भातले वेगळे. म्हाताऱ्या माणसांबरोबर ते चालले आहेत. बोलीत लिहा, शुद्धलेखन आम्ही बघणार नाही. बायकांचा मजकूर आधी छापू. पुरुषांनी पाठवायचा असेल तर आधी स्वतः शिजवावं, आणि कांदा कोणी कापला, भांडी कोणी घासली तेही खाली लिहावं. त्याशिवाय आलेला मजकूर परत जाईल.

जयभीम.